हार्जूबाईंच्या डिकीतली बाटली

सायमा हार्जू एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या आणि त्या एकतीस वर्षांत बस एकदाही उशिरा आली नाही. आमच्याकडे उत्तरेत समुद्राएवढ्या तळ्यावरून ढग येतात आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ टाकत राहतात, तेव्हा हे वाक्य लिहायला सोपं आणि मानायला अवघड आहे. पण मी स्वतः त्या बसमध्ये बारा वर्षं बसलो. सकाळी सात दहाला वळणावर दोन पिवळे दिवे दिसायचे. एखाद्या दिवशी ते दिसले नसते, तर आम्ही घड्याळच बिघडलंय असं समजून परत झोपायला गेलो असतो.

आता बाई शहात्तर वर्षांच्या आहेत. मी बावन्नचा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गाड्यांच्या सुट्या भागांचं काउंटर माझ्याकडे आहे. त्या मला अजून "पोरा" म्हणतात आणि त्या आत आल्या की मी अजून सरळ उभा राहतो.

निवृत्तीनंतर बाईंकडे एकच प्रवासी उरला, ऑर्व्हिल बोसँको. वय एक्क्याऐंशी. तरुणपणी तो तांब्याच्या खाणीत होता आणि खाण बंद पडली त्या शेवटच्या संपातही होता. आता त्याची दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्याला अडतीस मैलांवर हॅन्कॉकला डायलिसिससाठी न्यावं लागतं. पूर्वी हे काम करणारी आणखी एक बाई होती. ती ॲरिझोनाला उन्हात राहायला गेली. राहिल्या हार्जूबाई.

त्या गाडीतला संवाद मी एकदाच ऐकला, माझी व्हॅन बंद होती तेव्हा. संबंध अडतीस मैल दोघं पेस्टीवर भांडत होती. पेस्टी म्हणजे खाणवाल्यांची करंजी, आत मांस, बटाटा, कांदा. ऑर्व्हिलच्या आजोबांनी ती कॉर्नवॉलहून आणली आणि बाईंच्या फिनलंडच्या आजीनं तिच्यात गाजर घातलं.

"गाजर घातलं की ती पेस्टी राहत नाही. सशाचं जेवण होतं."

"मग खाऊ नकोस. मागच्या शनिवारी दोन खाल्ल्यास."

"गाजर वेचून काढलं मी."

"खिडकीतून टाकलंस. पाहिलं मी आरशात. बस चालवलीय मी, ऑर्व्हिल."

बाईंची गाडी त्यांच्या मुलाच्या, ग्लेनच्या नावावर आहे. तो मिलवॉकीला असतो. बाईंची जुनी, बोटीएवढी गाडी गंजून गेली तेव्हा त्यानं ही छोटी राखाडी गाडी आणून दिली. बाईंनी डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?" स्टेपनी नव्हती. तिच्या खड्ड्यात एक छोटा पंप होता आणि एक बाटली. पंक्चर झालं की बाटली पंपाला लावायची, आतला पांढरा द्रव चाकात जातो, भोक बुजतं. बाईंनी गालिचा परत टाकला. स्टेपनी नसलेली गाडी त्यांना एक पाय दुमडून उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखी वाटत असावी. सुंदर, पण भरवसा नाही.

गेल्या मार्चमध्ये बर्फात चाक पंक्चर झालं. त्या रस्त्यावर फोन लागत नाही. पंपाची आठवणसुद्धा बाईंना झाली नाही. दोघं दोन तास काचा घामेजवत बसून राहिली, शेवटी बर्फ उपसणाऱ्या ट्रकवाल्यानं सोडवलं. ऑर्व्हिलचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजून बूट चढेनात. शनिवारी ग्लेन मिलवॉकीहून आला, स्वयंपाकघरात कोट न काढता उभा राहिला आणि म्हणाला, "आई, पुन्हा एकदा जरी कुणाला येऊन तुला रस्त्यातून सोडवावं लागलं, तर मी गाडी घेऊन जाणार."

पंपाचं माहितीपत्रक बाईंनी त्या रात्रीच वाचून काढलं, आधी इंग्रजीतून, मग खात्री करायला फ्रेंचमधून. त्यांना फ्रेंच येत नाही.

बाटलीवरची तारीख वाचली ती ऑर्व्हिलनं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किराणा डिकीत ठेवताना. तो छापलेलं काहीही वाचतो.

"सायमा, हिची मुदत चार वर्षांपूर्वी संपलीय."

"तुझीही संपलीय. तरी नेते ना तुला?"

पण दुसऱ्या दिवशी बाई बाटली घेऊन माझ्या काउंटरवर आल्या.

"पोरा, ही तारीख खरी असते का? की सार्डिन माशांच्या डब्यावर असते तशी, नुसती घाबरवायला?"

"खरी असते, बाई. आत रबराचं दूध असतं. फार दिवस ठेवलं की त्याचं दही होतं. मग नळीतून पुढे जात नाही."

त्यांनी बाटली कानाशी धरून हलवली. आत काहीतरी जडपणे एकदा इकडून तिकडे गेलं.

"विरजलंय," त्या म्हणाल्या. "नवं मागव."

प्रत्येक कंपनीच्या बाटलीचं तोंड निराळं. त्यांच्या पंपाला बसणारी माझ्याकडे नव्हती. मी म्हटलं, "दहा दिवस लागतील. तोवर ही फेकू नका, अगदीच वेळ आली तर..."

"फेकते कशाला," असं म्हणून त्या वळल्या आणि गेल्यासुद्धा.

माझं वाक्य अर्धं राहिलं. आमच्या गावात काहीच फेकत नाहीत. जुन्या स्कीचं कुंपण होतं, मोडक्या बोटीत टोमॅटो लावतात. बाईंनी त्याच संध्याकाळी बाटली ढकलगाडीच्या चाकात पिळून ओतली, कारण ते चाक वसंतापासून हवा सोडत होतं. डिकीत आता पंप होता, बाटली नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं.

थिंबलबेरीबद्दल सांगायलाच हवं, त्यावाचून पुढचं कळणार नाही. ऑगस्टचे तीनेक आठवडे रस्त्याकडेच्या झुडपांत ही लाल फळं येतात, शिंपी बोटाला घालतो त्या टोपणासारखी पोकळ, बोटात धरली की विरघळणारी. बाजारात न्यावीत तर वाटेतच त्यांचं पाणी होतं. त्यांचा जाम करतात. कुणाची झुडपं कुठली, हे नवरा बायकोला सांगत नाही. माणसं जागा न सांगता मरतात आणि मुलं पुढं वर्षानुवर्षं जंगलात त्यांच्या पाऊलवाटा शोधत फिरतात. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. अकरा महिने रस्त्याकडेला कुणाची गाडी उभी दिसली आणि तुम्ही थांबला नाहीत, तर गाव तुमच्याशी बोलत नाही. ऑगस्टमध्ये थांबलात, तर बोलत नाही. ऑगस्टमध्ये उभ्या गाडीकडे बघायचंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी मी हॅन्कॉकच्या गोदामातून निघालो. बाईंची बाटली तिथे येऊन पडली होती. दुकानाचा ट्रक ती सोमवारी आणणार होता, पण मला राहवेना, मीच गेलो. बाटली शेजारच्या सीटवर ठेवली. घरंगळू नये म्हणून तिला पट्टा लावला. तळं उजवीकडे निळं पसरलं होतं आणि मी स्वतःवर खूश होतो.

दहा वाजून वीस मिनिटांनी, लांब उतारानंतर, समोरच्या बाजूला बर्चच्या झाडांखाली बाईंची राखाडी गाडी उभी दिसली. गाडीपलीकडे झुडपांच्या कडेला बाईंचा निळा रुमाल खाली वाकलेला. ऑर्व्हिल आइसक्रीमची रिकामी बादली घेऊन उभा. बाईंनी डोकं वर काढलं, माझी व्हॅन पाहिली आणि हात जोरजोरात हलवले.

मी समजलो, त्या म्हणतायत, पुढे हो. पुढे हो, बघू नकोस.

मी मान फिरवून तळ्याकडे पाहिलं. चांगलं पाव मैलभर पाहत राहिलो. सीटवर पट्टा लावलेली बाटली माझ्याबरोबर आली.

संध्याकाळी मी ती घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई पायरीवर बसून ढकलगाडीचं चाक फिरवत होत्या. आत दह्याची एक गाठ झाली होती, त्यामुळे चाक प्रत्येक फेरीला एकदा अडखळायचं.

"पोरा," चाकावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "आज सकाळी तळ्यात काय बघत होतास?"

"काही नाही, बाई."

"होडी बुडत होती?"

"नाही."

"मासे उडत होते?"

मग त्यांनी सांगितलं. बारा मैलांवर पुढच्या चाकात खिळा घुसला. बाटली नाही. पण बाईंनी खिळा उपटला नाही, आतच राहू दिला, कारण तोच भोक बुजवून बसला होता. नुसत्या पंपानं हवा भरायची, आठ-नऊ मैल जायचं, चाक मऊ लागलं की पुन्हा थांबायचं. तीनदा थांबल्या. प्रत्येक वेळी पंप दहा मिनिटं घरघरायचा आणि गावातली माणसं शेजारून जायची, माना वळवून, सभ्यपणे. पोस्टातली डोरीन गेली. पाद्रीसुद्धा गेला, आणि त्यानं तर डोळ्यांवर हात धरला. पहिल्या थांब्यावर ऑर्व्हिलला झुडपात खरंच फळं दिसली. तो म्हणाला, नुसतं उभं काय राहायचं, आणि डिकीतली बादली काढली.

"म्हणजे मी थांबायला हवं होतं," मी म्हटलं.

"मी दोन्ही हात हलवत होते. विमान उतरवतात तशी."

"किती वाजता पोचलात?"

त्यांनी चाक थांबवलं. "अकरा पाच."

आम्ही दोघंही थोडा वेळ त्या पाच मिनिटांकडे बघत बसलो. एकतीस वर्षांत नव्हती ती.

"मशीन दिलं त्यांनी?"

"दिलं. येतानाही तसंच हवा भरत आलो. पण ग्लेनला कळलं, तर गेली गाडी. मी होऊन सांगणार नाही. विचारलं, तर खोटंही बोलणार नाही. तूही बोलू नकोस माझ्यासाठी."

शुक्रवारी दुपारी दुकानात ग्लेनचा फोन आला.

"केनी, आई काल रस्त्यात अडकली होती का रे? डोरीन म्हणाली, तुझ्या आईला यंदा तीन-तीन जागा सापडल्यात. आईचे गुडघे दुखतात. ती सहा वर्षांत झुडपात शिरली नाहीये."

"डोरीननं बोलायला नको होतं," मी म्हटलं.

"तू तिथून गेलास का?"

"गेलो."

"काय पाहिलंस?"

"ऑर्व्हिलच्या हातात बादली होती. मग मी तळ्याकडे पाहिलं."

"गाडीकडे नीट पाहिलं नाहीस?"

"ऑगस्ट आहे, ग्लेन."

त्याच्यामागे मिलवॉकीचे भोंगे वाजत होते. "साधारण कुठे होती गाडी?" त्यानं विचारलं.

मी काउंटरवरचे स्क्रू मापाप्रमाणे लावत राहिलो. सोळाव्या स्क्रूला तो म्हणाला, "सॉरी. विचारायला नको होतं मी. बरीच वर्षं झाली इथे शहरात राहून."

खोटं मी एक शब्द बोललो नव्हतो, पण दिवसभर तोंडात खिळा धरल्यासारखं वाटत राहिलं.

शनिवारी नऊला मी गुरुवारी दिलेली बाटली बसवून दाखवायला गेलो. आदल्या दिवशी बाईंनी गावातल्या गॅरेजमध्ये चाक दुरुस्त करून घेतलं होतं. मी बाटलीचं तोंड पंपात फिरवून दाखवलं. त्यांनी काढलं, स्वतः बसवलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. मग चिकटपट्टीचा एक तुकडा फाडून त्यावर जाड अक्षरात मुदतीचा महिना आणि २०२९ असं लिहिलं आणि तो स्टिअरिंगसमोर चिकटवला, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी.

"ग्लेनचा फोन आला होता मला," मी कबूल केलं.

"मलाही आला. रात्री."

"मग?"

"मी सगळं सांगितलं. खिळा, तीन थांबे, पाच मिनिटं. त्यानं विचारलं, सोडवलं कुणी? म्हटलं, कुणी नाही. म्हणाला, कसं शक्य आहे, गावचा रस्ता आहे. म्हटलं, आठ गाड्या गेल्या, एक थांबली नाही, केनीला विचार." त्यांनी डिकी बंद केली. "मग म्हणाला, म्हणजे तू अडकली नव्हतीस, आई. तू उशिरा पोचलीस."

"दोन्हींत फरक आहे?"

"गाडीएवढा आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बसच्या आरशातून बघायच्या तशा. "गुरुवारी तू थांबला असतास, बाटली दिली असतीस, तर तू मला सोडवलं असतंस. मग आज ही गाडी मिलवॉकीच्या वाटेला लागली असती."

मी विचारलं, "मग पुढच्या वेळी थांबू की नको?"

"सप्टेंबर लागला की थांब."

ऑर्व्हिल आधीच गाडीत बसला होता. मांडीवर पेस्टीची पिशवी, दोन फळ्यांसारखे हात तिच्यावर. तो पुढे वाकून चिकटपट्टी वाचत होता, कारण ती लिहिलेली होती.

"दोन हजार एकोणतीस," तो म्हणाला. "म्हणजे मलाही तोवर टिकायला लागणार की काय?"

"बाटली टिकेल," बाईंनी इंजिन चालू केलं. "तुझी हमी कंपनी देत नाही. गाजरं खा."

साडेनऊला गाडी वळणावर गेली. मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज पडत नाही. दुकानात परतलो, तर पायरीवर जामची एक छोटी बाटली ठेवलेली होती, झाकणावर बाईंच्याच जाड अक्षरात या वर्षाचा आकडा. चिठ्ठी नव्हती. मी आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं. रस्त्यावरची चारही माणसं दुसरीकडे बघत होती.