ताटली पोचायच्या आधी

भुताखेतांचे किस्से मी चवीनं ऐकते, पण विश्वास? छे! प्राणिशास्त्र शिकलेय मी. म्हणूनच हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मागच्या हिवाळ्यात मी मधमाश्यांच्या स्मरणशक्तीवर काम करत होते. राहायला आईजवळ नाशिक रोडला, प्रयोग दिंडोरीजवळ मामाच्या द्राक्षबागेत. फवारणी नसेल त्या दुपारी साखरपाण्याची ताटली ठेवायची – कधी विहिरीपाशी, कधी शेडजवळ, कधी निंबाखाली – आणि माश्या आधी कुठे शोधतात ते बघायचं. जागा मी ऐनवेळी ठरवायचे, मनातल्या मनात.

पुढेपुढे असं व्हायला लागलं, की मी मनात 'विहीर' म्हणायचे आणि तिथे पोचेपर्यंत माश्या विहिरीवर घिरट्या घालत असायच्या. वाटलं, वास येत असेल. धुतलेली, कोरडी ताटली नेली... तरी तेच! भीती नाही वाटली. त्या उबदार उन्हात, त्या गुणगुणीत डोळे जड व्हायचे. जागा मी ठरवतेय की त्या, तेच कळेनासं व्हायचं.

त्याच सुमारास मला बंगळूरला संशोधनाची जागा मिळाली. आई एकटी. जावं की नको? कुणालाच बोलले नव्हते. माझंच ठरत नव्हतं.

आणि एका दुपारी माश्या आल्याच नाहीत. विहीर, शेड, निंब... सगळीकडे शांत. मी ताटली मांडीवर घेऊन बांधावर बसले. मामी चहा घेऊन आली. इकडेतिकडे बघून म्हणाली,

"आज एक बी माशी नाय... चालली का गं तू?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाय. आपलं वाटलं."

मला रडूच फुटलं. कारण त्या क्षणी कळलं – माझं ठरलेलं होतं. संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा की! माझं काय अडलंय?"

बंगळूरला आल्यावर इथल्या सरांना विचारलं. योगायोग, म्हणाले. असेलही. मला मात्र अजून उत्तर मिळालेलं नाही. कारण परवा मामीचा फोन आला –

"अगं, तुझ्या मामाच्या नुसतं मनात आलं, आज निंबाखाली ताटली ठेवावी. जाऊन बघतो तर निंबाखाली माश्याच माश्या!"

"आणि ताटली?"

"ती कुठं! अजून घरातच हाय."