पाणी चाखणारा ऑडिटर

वामन गेल्याचं कार्ड अकोल्याला माझ्या हातात पडलं तेव्हा मी ओसरीवर दाढी करत होतो. अशी बातमी आली की कार्ड वाचून फाडायचं असतं, मग अंघोळ. मी काय केलं? साबणाच्या हातानं पेन्सिल शोधली, कोपऱ्यात 'पाहिलं' लिहिलं आणि खाली सही ठोकली! लोकल बोर्डाच्या कचेरीत जन्मभर हेडक्लार्की केली की माणसाचं असं होतं. बायकोनं आतून विचारलं, "कोणाचं हो कार्ड?" आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपला वामन मेला. अमरावतीच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारा, थुंकून माझ्या बाहीनं स्वतःची पाटी पुसणारा वामन... त्याच्या मरणाचीसुद्धा मी नोंदच घेतली. महिना होऊन गेला त्याला. कार्ड अजून फाडलेलं नाही.

लोक त्याला वामनराव म्हणत. तो सरकारी ऑडिटर होता. वऱ्हाडातल्या बोर्डांनी कंत्राटं कशी दिली, कामं झाली की नाही, हे तपासायचं आणि पुढे असे घोटाळे होऊ नयेत म्हणून काय करावं याच्या शिफारशी लिहायच्या, हे त्याचं काम. त्या शिफारशींना बोर्डातर्फे उत्तरं लिहायची, हे माझं. कोणत्या बोर्डात ते सांगत नाही, आणि वाचणाऱ्यांनी ओळखायची खटपट करू नये. सगळी सारखीच होती. दर हिवाळ्यात तो बडनेऱ्याला गाडीत बसून आमच्याकडे यायचा. सोबत फिरकीचा तांब्या आणि एक पितळी पेला. तपासणी चालू असेतो आमच्या कचेरीचं पाणीही प्यायचा नाही. मी चिडवायचो, "काऊन रे, बोर्डाचं पाणी पेलं तर तुझी शाई पातळ होते काय?" तो म्हणायचा, "आज पाणी पाजशील, उद्या चहा पाजशील, आणि परवा म्हणशील चेअरमनच्या साल्याचं काम पाहू नको." चेअरमनचा साला आमचा कंत्राटदार होता. मी हसायचो. काम सुटल्यावर मात्र तो माझ्याच घरी जेवायचा आणि माझ्या बायकोच्या ठेच्याला नावं ठेवत तीन भाकरी खायचा.

या साल्यानं पूर्णेकाठच्या एका गावात विहीर खोदली होती. त्या पट्ट्याचं दुखणं वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन काळीभोर, कापूस माणसाच्या उंचीचा, पण खाली खोदाल तिथे खारं पाणी. गोड पाणी असतं ते एखाद्या नाल्याच्या कडेला, तेही नशिबात असलं तर. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाल्याजवळची जागा दाखवली होती. पण तिथे खडक लागणार होता. साल्यानं सरळ बरीच अलीकडे मऊ जमिनीत विहीर मारली, वर चुनेगच्ची कठडा बांधला, बोर्डाच्या नावाचा दगड बसवला. काम तपासणारा बोर्डाचा ओव्हरसियर गावात गेलाच नाही, अकोटला मुक्काम करून त्यानं दाखला लिहिला की पाणी गोड आहे. कागद चोख होते. चोख असणारच, मीच लावले होते. वामननं ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "चाल, विहीर पाहून येऊ."

बैलांच्या दमणीत बसून गेलो. दिवसभर हाडं खिळखिळी झाली आणि मी त्याला वाटेत पोटभर शिव्या दिल्या. विहिरीपाशी सुंदराबाई नावाची एक माळीण उभी होती. नवी विहीर होणार म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं शेजारीच वांगी-मेथीचा मळा धरला होता. सगळी रोपं कडेनं करपून गेली होती. प्यायचं पाणी ती दोन कोसांवरच्या झिऱ्यातून, म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून, डोक्यावर आणायची. वामननं तिला सांगितलं की कागदावर या विहिरीचं पाणी गोड आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कागद पेते काय कोनी? ढोरं तोंड लावत नाई ह्याले. तुमी सोता पेऊन पाहा ना, साहेब."

वामननं बॅगेतून पेला काढला. तिनं पोहरा ओढून भरून दिला. मी एक घोट घेतला आणि थू करून टाकला. त्यानं मात्र उभ्या उभ्या सगळा पेला संपवला. "वेडा झालास काय?" मी म्हटलं. तो म्हणाला, "अर्धा पिऊन अर्धंच लिहिता येते." पुढचे दोन दिवस त्याचं पोट ठिकाणावर नव्हतं. पण निघताना सुंदराबाईनं विचारलं, "मंग आता दुसरी व्हईन ना जी, तिकडं नाल्यापाशी?" आणि ऑडिटरनं जे कधी करू नये ते त्यानं केलं. तिला शब्द दिला. म्हणाला, "होईल, बाई."

त्या साली त्यानं शिफारस लिहिली: विहिरीचा दाखला देणाऱ्यानं गावकऱ्यांसमक्ष त्या विहिरीचं पाणी प्यावं, चव लिहावी, आणि मगच कंत्राटदाराचं बिल मंजूर करावं, पाणी खारं निघालं तर दुसरी विहीर द्यावी. किती साधी गोष्ट! मी उत्तर लिहिलं, 'नोंद घेतली आहे. पुढील कामी लक्ष ठेवण्यात येईल.' पुढच्या साली त्यानं तेच लिहिलं, मीही तेच लिहिलं. असं किती साल चाललं ते सांगायची लाज वाटते. मला तर ते उत्तर पाठ झालं होतं, त्याचा कागद न वाचताच खाली उतरायचं. एकदा जेवता जेवता तो ताटावरून उठला. "काऊन लिहितोस रे तू हे?" मी म्हटलं, "सही चेअरमनची असते, वामन." "पण हात तं तुझाच ना?" त्या दिवशी तो हात धुऊन स्टेशनावर निघून गेला, आणि माझी बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याला पेन्शन झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ती शिफारस मंजूर झाली! नागपूरकडून हुकूम आला. बोर्डानं ठराव केला, टाळ्यासुद्धा वाजवल्या. चव लिहिण्यासाठी नवा फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलं. आता इथून पुढचं लिहायला हात जड होतो... पण लिहितो. आमच्या ओव्हरसियरांचं अक्षर गिचमिड. प्रत्येकजण 'गोड'च लिहिणार, हे मला ठाऊक होतं. मग उगीच लिहिण्याचा व्याप कशाला? मी छापखान्यात मजकूर दिला: 'मी स्वतः या विहिरीचे पाणी प्यायलो. पाणी गोड आहे.' खाली सहीपुरती जागा. देवाशपथ, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. सुबक छापला म्हणून प्रेसवाल्याला मी शाबासकी दिली. हुकुमात जुन्या विहिरींचेही कागद पुरे करा असं होतं. म्हणून ओव्हरसियर माझ्या टेबलापाशी बसले, चहा पीत पीत त्यांनी अख्खा गठ्ठा सह्या करून दिला.

एक कोरा फॉर्म घेऊन मी अमरावतीला गेलो. केवढ्या ऐटीत! "घे, तुझी शिफारस," असं म्हणून त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा पुसला, वाचला, पुन्हा वाचला. रागावेल असं मला वाटलं होतं का? नाही, मला वाटलं होतं की तो मला मिठी मारेल. त्यानं हळूच विचारलं, "आणि खारं निघालं तर कुठे लिहायचं?" मी फॉर्म उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग त्यानं विचारलं, "सुंदराबाईच्या विहिरीचा भरला?" मी म्हटलं, "सगळ्यांचेच भरले." त्यानं फॉर्मची घडी घातली. "म्हणजे आता तिथे दुसरी विहीर मागताच येत नाही," तो म्हणाला. "माझ्याच शिफारशीनं तिचं पाणी गोड झालं रे..."

माझ्या नोकरीचे दोन महिने शिल्लक होते. दुसरा फॉर्म छापता आला असता. त्या एका विहिरीचा कागद तरी फिरवता आला असता. मी म्हटलं, आता जाता जाता चेअरमनशी वाकडं कशाला? पेन्शन घेतली, हार घालून घेतले, शाल घेऊन घरी आलो. वामननं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं.

दहाव्याला गेलो तेव्हा वामनच्या बायकोनं, यमुनावहिनींनी, तो पेला माझ्यापुढे ठेवला. "तुम्हाला द्या म्हणून सांगून गेले," म्हणाल्या. दरसाल हिवाळ्यात तो एकदा त्या गावी जाऊन पेलाभर पाणी पिऊन यायचा, हे मला तेव्हा कळलं. पाणी बदललं का ते पाहायचा म्हणे. मी फॉर्म दाखवला त्या सालापासून गेला नाही. पेल्याच्या आत एक पांढरं कडं बसलं आहे. वहिनींनी चिंच लावून पाहिली, राख लावून पाहिली, जात नाही.

गेल्या आठवड्यात मी तो पेला घेऊन त्या गावी गेलो. काही करायला नव्हे, आता माझ्या हातात आहे काय? सुंदराबाई म्हातारी झाली आहे. मला तिनं ओळखलं नाही, पेला ओळखला. "साहेब नाई आले?" मी सांगितलं. ती विहिरीच्या कठड्यावर बसली, पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं उठून तिनं पोहरा सोडला आणि पेला भरून माझ्यासमोर धरला. साहेब आले की हे व्हायचंच, तसं. मी पूर्ण प्यायलो. घशाखाली उतरेना, तरी प्यायलो. "कसं हाय?" तिनं विचारलं.

"खारं आहे, बाई," मी म्हणालो. त्या विहिरीबद्दल मी दिलेलं हे एकच खरं उत्तर.

"ते तं मले मालूम हाय," ती म्हणाली. माझ्या हातातून तिनं पेला घेतला आणि आपल्या घागरीतलं, झिऱ्यावरून आणलेलं पाणी त्यात ओतून खळखळून धुतला. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत होतो. "राहू काहून दिऊ? डाग पडते ना," ती म्हणाली, आणि पदरानं पुसून पेला माझ्या हातात दिला.