फोनवरचा डाव

गल्लीत त्याला अजूनही ‘चॅम्पियन’ म्हणत, पण आता हळू आवाजात, तो पुढे गेल्यावर. बुद्धिबळातल्या विजेतेपदाच्या दिवसांत हीच माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाचली होती. मग निवडणुकीतल्या घोटाळ्यावर बोलणारी पोरं तुरुंगात गेली आणि हा पठ्ठ्या स्पर्धा सोडून तुरुंगाच्या फाटकासमोर फलक धरून उभा राहू लागला. क्लबने भिंतीवरचा फोटो उतरवला, आईबापांनी शिकवणीची मुलं काढून घेतली. सुखाचे सोबती सगळे, त्यांचं काय घेऊन बसायचं!

उरली ती ताई. दूरच्या शहरात, सरकारी कारकुनाच्या संसारात. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. दोघांच्या घरी पट मांडलेला. एक चाल तिची, एक त्याची, मग जेवलास का, खोकला कसा आहे. त्याच्याशी आपुलकीने बोलणारं माणूस जगात तेवढंच. त्या फोनवरच तो तग धरून होता.

पण चोरून फोन ऐकणारे दीडशहाणे! ‘हत्ती डी सात’ हा कसला निरोप, म्हणून त्यांनी दाजींना बोलावून घेतलं. “हत्ती कोण? राहतो कुठे?” बिचाऱ्या दाजींनी पट नेऊन दाखवला. साहेबांनी तोच पुरावा म्हणून ठेवून घेतला. हसावं की रडावं! फोन थांबले नाहीत तर नोकरी जाईल, असा दमही दिला.

दाजींनी दुकानातल्या फोनवरून त्याला सगळं सांगितलं. “नोकरीचं तिला बोललो नाहीये. कळलं तर मुद्दाम दिवसातून दोनदा करेल.”

संध्याकाळी ताई म्हणाली, “पट नेला मेल्यांनी. मी पुठ्ठ्यावर घरं आखून शर्टाची बटणं मांडलीत. सांग चाल.”

तो पटाकडे बघत राहिला. ताईच्या राजाला पळायला जागा नव्हती.

“ताई, मी डाव सोडला.”

“वेडा आहेस का? जिंकतोयस तू!”

“नाही गं. आता खेळ नको. फोनही नको करूस.”

ती म्हणाली, “जन्मात एकदा तुला हरवायचं होतं रे. पण असं नव्हे.”

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन वाजला. वाजतच राहिला. चॅम्पियन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला आणि लहान मुलासारखा रडला.