गियर पडना का?

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. अमळनेरहून ते सुरतेला आले, कतारगामच्या लूमखात्यात लागले आणि त्या खडखडाटात अर्धं आयुष्य काढलं. तरी घरी कुकरची शिट्टी झाली की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायचा. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ते आतल्या माणसांची वजनं डोळ्यांनी जोखतात. न्हाव्याचा वस्तरा मानेजवळ आला की त्याच्या मुलाबाळांची प्रेमाने चौकशी सुरू करतात, म्हणजे त्याचं मन मऊ राहावं! अलीकडे मात्र ते कुकरला दचकेनासे झाले होते. "तुमचे साडू धीट झाले हो," असं मेहुणीबाई कौतुकाने सांगायच्या.

लूम सोडल्यावर कापडाचे टाके, म्हणजे आपले तागे, पोचवायला त्यांनी एक जुना ट्रक घेतला. तोही आपोआप गियर बदलणारा, कारण क्लचची भीती. "चढवर क्लच सुटना तं गाडी मांगे जाई," हे त्यांचं म्हणणं. असला ट्रक मिळवायला त्यांनी शहरातले सगळे भंगारवाले पालथे घातले. इंजिनाचा चढलेला आवाज उतरला की वरचा गियर पडला असं समजायचं आणि मगच पाय हलका करायचा, हा त्यांनी स्वतःपुरता केलेला नियम. घर त्या ट्रकवरच चालत होतं, म्हणून यंदा दिवाळीच्या ऐन सीझनला "गाडी गियरच बदलत नही" असं ते रडकुंडीला येऊन म्हणाले तेव्हा आम्हीही घाबरलो.

गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून गियरबॉक्सचं तेल पट्टीवर काढलं, पांढऱ्या फडक्याला पुसलं, हुंगलं. तेल लालभडक होतं, जळका वास नव्हता. मग स्वतः एक चक्कर मारून आला. "काका, गाडी तो एकदम बराबर छे! पग हळवो करो एटले उपरनो गियर पडे," असं म्हणून त्याने पाय हलका करायची खूणही केली. साडूभाऊंनी मान डोलावली. मग माझा हात धरून म्हणाले, "माले भेव वाटस. तुम्ही बाजूले बठा."

मी बसलो. माझीही छाती काही निधडी नाही. पर्वत पाटियाकडच्या पुलावर चढ लागला आणि इंजिन किंचाळायला लागलं. मागे टाक्यांचा ढीग, शेजारून बस, आणि आपला ट्रक खालच्याच गियरमध्ये थरथरतोय! मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा बस अगदी खेटून आली होती आणि तिचा ड्रायव्हर असा काही हॉर्न वाजवत होता की माझ्या कानठळ्या बसल्या. साडूभाऊ शांत होते. पापणीसुद्धा हलली नाही. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय तळापर्यंत दाबलेला होता. आवाज उतरायची ते वाट बघत होते, आणि आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

मी त्यांचा गुडघा दाबला. लूमखात्यात कुणाला काही ऐकू येत नाही, तिथे सगळे असेच हाताने बोलतात. त्यांचा पाय आपसूक उचलला गेला, गियर पडला, ट्रक मुकाट पूल चढून गेला.

पुलापलीकडे त्यांनी गाडी बाजूला लावली. मी त्यांच्यासमोर तोंड करून सावकाश विचारलं, "कधीपासून?"

"मांगला वरीसपासून कमी व्हत गयं," ते म्हणाले. "माले वाटे, कोणले सांगाले नको." मग स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि रडले. जगातल्या यच्चयावत गोष्टींना उघडपणे घाबरणाऱ्या या माणसाने ही एकच भीती लपवून ठेवली होती.

आता ट्रक मेहुणीबाईंचा भाऊ चालवतो. सुट्टीच्या दिवशी मी चालवतो, तेव्हा साडूभाऊ शेजारी बसतात. पुलावर माझे तळवे अजूनही घामेजतात. चढ लागला की ते वळून माझ्या ओठांकडे बघतात.

"गियर पडना का?"

आवाज उतरला की मी त्यांचा गुडघा दाबतो. ते मान हलवतात, आणि इतका वेळ दाबून धरलेला, रिकाम्या जागेवरचा आपला पाय हळूच उचलतात.