धुतलेलं स्टेशन

अंकलचं स्टेशन मी धुतलं, सासूबाईंनी नाही. एवढं एक वाक्य मी त्या दिवाळीत, परदेशात, क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारात उभा असताना बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यामुळे आता सगळंच सांगावं लागणार आहे.

अंकल म्हणजे आमचे शेजारी. चिनी गृहस्थ, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण मी कधी पाहिलं नाही, कारण तिथे रेल्वे होती. बोटाएवढी इंजिनं, काड्यापेटीएवढे डबे, कापसाची झाडं आणि मधोमध एक छोटं स्टेशन. अशा इमारतींचं किट मिळतं. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. अंकल स्वतः जेवायचे सोफ्यावर, ताट मांडीवर घेऊन.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या छताची दुरुस्ती निघाली आणि त्याच आठवड्यात त्यांना बहिणीकडे मलेशियाला जायचं होतं. बाकीची रेल्वे त्यांनी प्लॅस्टिकखाली झाकली. स्टेशन मात्र बुटांच्या खोक्यात ठेवून माझ्याकडे आणून दिलं.

"तू इंजिनिअर," ते म्हणाले. "तुझ्या हातात सेफ."

मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर होतो. घरातला बल्बसुद्धा बायको बदलायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या लपवाछपवीची सुरुवात खरं तर तिथूनच.

सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून घर धूत होत्या. पंख्याची पाती झाली, खिडक्यांचे गज झाले, कपडे वाळत घालायचे बांबू झाले. मग त्यांची नजर मी शोकेसमध्ये काढून ठेवलेल्या स्टेशनवर पडली.

"जावईबापू, हे काय? दिवाळी आली, आणि हे असलं धुरकटलेलं घर शोकेसमध्ये?"

"आई, ते आपलं नाही. शेजाऱ्यांचं आहे."

"मग तर पुसूनच परत द्या. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरातून कधी घाण जात नाही. आणि रिकामंही जात नाही."

एवढं बोलून त्या झोपायला गेल्या. त्यांनी स्टेशनला बोटसुद्धा लावलं नाही. मी स्टेशनकडे पाहिलं. छप्पर काळवंडलेलं, भिंतींवर तपकिरी ओघळ, फलाटाच्या कडेला काजळी. मला वाटलं, बिचारे अंकल, एकटा माणूस, कुठवर पुसणार? मी भांडी घासायचा साबण घेतला, जुना टूथब्रश घेतला आणि सिंकमध्ये स्टेशन घासायला लागलो.

काळं पाणी निघायला लागलं तसा मला हुरूप आला. छप्पर मुळात विटकरी होतं! भिंती सायीच्या रंगाच्या होत्या! शोध लागल्यासारखा मी घासत राहिलो. मध्येच धुराडं निखळून नळीत गेलं, त्याच्यामागून फलाटावरचं बाकही गेलं. स्टेशन लवकर वाळावं म्हणून मी बायकोचा हेअर ड्रायर लावला, तर तिकीटघराची भिंत वाकली. ती मी बोटाने सरळ केली. जवळजवळ सरळ झाली. मग खोकं रिकामं जाऊ नये म्हणून स्टेशनशेजारी चकल्यांची पुडी ठेवली.

अंकल परत आले. मी दारातच खोकं त्यांच्या हातात दिलं, शाबासकीची वाट पाहत. त्यांनी झाकण उघडलं आणि वाकलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात त्यांनी मला जे सांगितलं ते असं: स्टेशन बांधायला थोडे दिवस लागतात, पण ते मळवायला महिने लागतात. नवी कोरी इमारत कुणालाही रंगवता येते. पाऊस कुठून ओघळेल, धूर कुठे बसेल, माणसं कुठे टेकतील हे बघून बघून, खडूची पूड बारीक कुंचल्याने लावून, त्यांनी ते स्टेशन म्हातारं केलं होतं.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

नेमक्या त्याच क्षणी सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात ओलं फडकं. मी एक शब्दही बोललो नाही. फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अंकलनीही पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग फडक्याकडे.

"आय्या," ते इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाले. "नेव्हर माइंड, लाह. ओल्ड लेडी."

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"चकल्या आवडल्या म्हणाले."

"अजून खाल्ल्या कुठे त्यांनी?"

"वास आवडला."

मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला त्यानंतर पुष्कळदा बजावलं. चकल्यांचं सोडलं तर. पण मन खात होतं, म्हणून मी अंकलना म्हणालो की नवं स्टेशन मी बांधून देतो. त्यांच्याकडे तसंच आणखी एक किट होतं. एक बिघडतंच, म्हणून ते नेहमी दोन घ्यायचे. बिघाड शेजारच्या घरातून येईल हे काही त्यांनी धरलं नव्हतं.

मग रोज ऑफिसातून आलो की जेवणाआधी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पहिल्याच संध्याकाळी मी माझी दोन बोटं एकमेकांना चिकटवली. दुसऱ्या संध्याकाळी स्टेशनचं दार उलटं बसवलं. कडी अशा जागी आली की प्रवाशाला गुडघ्यावर बसूनच आत जाता आलं असतं. चिमट्यातून उडालेली एक खिडकी अंकलच्या चहात सापडली. ते फक्त "इंजिनिअर" एवढं पुटपुटायचे.

रंग द्यायला मात्र मला आवडायला लागलं. भिंतींना पातळ हात, वाळला की दुसरा हात. खरी पंचाईत झाली ती मळवायच्या वेळी. मी भिंतीवर सगळीकडे सारखी पूड लावली.

"हे काय? ही घाण नाही, हा रंग आहे," अंकल म्हणाले. "घाणीला कारण पाहिजे."

जन्मभर घाण दिसली की पुसायची एवढंच शिकलेल्या माणसाला ती कारणासकट लावायला शिकणं फार जड जातं. शेवटी मी घरच्या देवापुढची उदबत्तीची राख डबीत भरून नेली. अंकलनी चिमूटभर फलाटाच्या कडेला टाकून पाहिली आणि पहिल्यांदा हसले. इंजिनाच्या कोळशाची राख हुबेहूब तशीच दिसते म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ भरपूर उदबत्त्या लागायला लागल्या. सासूबाईंना वाटलं, जावई देवाधर्माला लागला.

मला जेवायला बोलवायला रोज त्याच यायच्या, हातात फराळाची बशी घेऊन. आणि त्यांची चाहूल लागली की अंकल उठून स्टेशनवर भात शिजवायच्या भांड्याचं झाकण ठेवायचे. एकदा तर त्यांनी बशीखालचा रुमालसुद्धा काढून घेतला. मग आदराने मान लववून म्हणायचे, "आंटी, थँक्यू, थँक्यू," आणि सासूबाई आमच्या दारापर्यंत जाईस्तोवर झाकणावरचा हात काढायचे नाहीत.

"तुझ्या आंटीला सांग, माझा राग गेला," ते एकदा मला म्हणाले.

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारलं.

"तब्येत कशी आहे विचारतात."

"बरी आहे म्हणावं. झाकण का ठेवतात ते विचारा."

"धूळ बसते, आई."

"मी गेले की धूळ बसत नाही वाटतं?"

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "मला खरं सांगा," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला मी चोर वाटते का? मी दिसले की वस्तू झाकतात, हातातला रुमाल काढून घेतात. पुण्यात आमच्या अख्ख्या सोसायटीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात! लोक गावाला जाताना दागिने ठेवून जातात माझ्याकडे. आणि इथे लेकीच्या शेजाऱ्यांकडे माझी ही किंमत?" त्यांनी पाण्याचा पेला आपटला. "पुढच्या आठवड्यात जाते ती जाते. पुन्हा काही मी इथे यायची नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही त्यांना काही बोललात का?"

"मी? एक शब्द नाही," मी म्हणालो. ते अक्षरशः खरं होतं, आणि मी आमटीची वाटी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी स्टेशन पुरं झालं. छपरावर काजळी, भिंतीवर ओघळ, फलाटावर आमच्या देवाची राख. अंकल ते टेबलावर मधोमध बसवत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. या वेळी बशी नव्हती. अंकलचा हात झाकणाकडे गेलाच. सासूबाई दारातच थांबल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "विचारा त्यांना. माझं काय चुकलं?"

"आंटी काय म्हणतात?" अंकलनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. अंकल गोंधळले. "तिला सांग, मी कधीच माफ केलं. म्हातारी माणसं साफसफाई करतातच. फक्त प्लीज, फडकं नको."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं. "आई, ते म्हणतात, तुमचे शंकरपाळे..."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "शंकरपाळ्यांचं नाव काढू नका. ते बोलताना एकदाही खाल्ल्यासारखं तोंड केलं नाही त्यांनी."

मी खाली बसलो. आधी अंकलना इंग्रजीत सांगितलं, स्टेशन मी धुतलं, यांनी त्याला हातही लावला नव्हता, सॉरी. अंकलनी झाकणावरचा हात काढला. ते सासूबाईंकडे बघून इतके वाकले की त्यांचा चष्मा फलाटावर पडला.

मग मी सासूबाईंकडे वळलो. त्या अजून दारातच होत्या.

"आई, ते स्टेशन मी धुतलं. मुद्दाम मळवलेलं होतं ते, मला कळलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि आळ तुमच्यावर जाऊ दिला. इतके दिवस त्यांचं बोलणंही तुम्हाला खोटंच सांगत आलो. तुम्ही काहीही केलेलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."