अक्कांनी नापास केलेलं पिस्तूल

“पिस्तूल राहू द्या, आधी मॅगझीन द्या,” असं म्हणून अक्का मान वर न करताच तळहात पुढं करायच्या. परभणीच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराच्या खिडकीशी गेलं की आधी तो तळहात दिसायचा, मग अक्का. तुमच्यापैकी कुणी खात्यात नोकरी केली असेल, तर तेलाचा वास मुरलेला असा एखादा हात तुम्हीही पाहिला असेल. शस्त्रं तपासणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला खात्यात आर्मोरर म्हणतात. आमच्या आर्मोरर अक्का होत्या. गाव पेडगाव, हुद्दा हवालदार, पण लहानमोठे सगळे त्यांना अक्काच म्हणायचे.

मी तेव्हा एका न्यायाधीश साहेबांचा अंगरक्षक होतो. कमरेला पिस्तूल आणि नाकावर राग. सरावाच्या वेळी पिस्तूल अडायचं. गोळी मॅगझीनमधून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतून, वर यायची, पण नळीत शिरायच्या ऐवजी मधेच नाक आपटून तिरकी बसायची. मी पिस्तुलाच्या नावानं खडे फोडत खिडकीशी गेलो की अक्का म्हणायच्या, “पिस्तूल गरीब जनावर हाय, भाऊ. खोड मॅगझीनला असती.”

मग त्या माझी मॅगझीन दुसऱ्याच्या पिस्तुलात घालायच्या आणि दुसऱ्याची माझ्या. त्यात खोट्या गोळ्या भरून हातानं खटके द्यायच्या. “सासूचं चुकतंय का सुनेचं, हे भांडण ऐकून कळत न्हाई. घर बदलून बगावं,” असं त्यांचं शास्त्र. बहुतेक वेळा मॅगझीनच गुन्हेगार निघायची. कधी आतली स्प्रिंग थकलेली असायची, कधी जिंतूर रोडची धूळ तेलात कालवून बसलेली असायची. कधी तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन कडा फाकलेल्या असायच्या. या कडांना अक्का ओठ म्हणायच्या आणि त्यांवरून अंगठा फिरवून, डोळे मिटून बघायच्या.

मॅगझीन फरशीवर पडली की ओठ वाकतात. पण पडली म्हणून कबूल कोण करणार? चौकशी लागते. आमच्यातल्या एकानं घरीच पकडीनं ओठ सरळ केले आणि साळसूदपणे खिडकीशी आला.

“पडली का?”

“न्हाई अक्का.”

“मग हिला चावलं कोण? दात उमटलेत.”

आम्ही मागे उभे होतो ते हसलो. अक्का हसल्या नाहीत. “पडली तर पडली म्हणावं. मी कधी कुणाला बोललेय का? पण एकदा वाकलेला पत्रा भरवशाचा न्हाई. लपवलं तर तुमच्याच जिवावर येईल,” असं म्हणून त्यांनी ती मॅगझीन बाद केली. त्यांच्या शब्दाला मुख्यालयात असं वजन होतं की राखीव निरीक्षक साहेबसुद्धा “अक्कांनी पास केलं का?” एवढंच विचारून सही करायचे. अक्कांची सगळी मिळकत म्हणजे तो शब्द होता.

त्या वर्षी माझी बायको गेली. कावीळ झाली आणि बघता बघता हातची गेली. मुलगी लहान होती, तिला पिंगळीला आजोळी ठेवलं. मी ड्युटी करायचो, घरी यायचो, भिंतीकडे बघत बसायचो. लोक सांत्वनाला यायचे, तेही हळूहळू थांबले. माझ्या मनात काय शिजत होतं ते आता लपवत नाही. मला जगायचं नव्हतं. आणि नोकरीमुळे पिस्तूल माझ्या घरातच होतं.

महिन्याच्या तपासणीला मी पिस्तूल घेऊन गेलो. अक्कांनी तळहात पुढं केला. मी दोन्ही मॅगझिनी ठेवल्या. त्या लख्ख पुसलेल्या होत्या. माझ्या मॅगझिनी अशा कधीच नसायच्या. धुळीवरून मी दरवेळी बोलणी खायचो.

“आज एवढ्या साफ कामून?”

“मागं कुणाला त्रास नको म्हणून,” मी म्हणालो. बोलून गेलो खरा.

अक्कांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पिस्तूल आत ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “गोळी मधीच बसायलीय. ठेवून जा.”

“अक्का, तुम्ही अजून लावूनसुद्धा बघितलं नाही.”

“मी म्हणतेय ना.”

माझं पिस्तूल नापास झालं. बदली पिस्तूलही मिळालं नाही, कारण अक्कांनी राखीव निरीक्षक साहेबांकडे जाऊन मला शस्त्रागारात मदतीला मागून घेतलं. न्यायाधीश साहेबांकडे दुसरा माणूस गेला. मी अक्कांच्या समोर स्टुलावर बसून रिकाम्या मॅगझिनी खोलायचो, स्प्रिंगा पुसायचो. गोळ्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. दुपारी त्या डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या. “खा. उपाशी माणसाचे हात थरथरतात आन् स्प्रिंग उडून डोळ्यात जाती.” मधेच विचारायच्या, “पिंगळीला गेलता का? लेकरू काय म्हणतंय?” मी नाही म्हटलं की रविवारी लवकर सोडायच्या.

“झालं का माझं पिस्तूल?” मी विचारायचो.

“बसायलीय अजून मधीच.”

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी थेट साहेबांकडे तक्रार केली, की पिस्तुलात काहीही दोष नाही आणि अक्का मुद्दाम अडवतात. साहेबांनी पिस्तूल मागवलं आणि सरावाच्या मैदानावर स्वतः चालवून बघितलं. एक मॅगझीन संपली, दुसरी संपली. एकही गोळी अडली नाही.

साहेबांनी अक्कांकडे बघितलं. “हे काय आहे?”

मला वाटलं, आता त्या सांगतील. त्यांनी सांगितलं असतं तर त्या सुटल्या असत्या आणि माझ्यावर कायमचा शिक्का बसला असता. अक्का सावधान उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझी पारख चुकली, सर.”

ज्या बाईची उभ्या नोकरीत पारख चुकली नव्हती, तिनं सगळ्यांच्या देखत ते वाक्य उच्चारलं. मैदानावर चार माणसं उभी होती, त्यातला एक खाली बघून हसला. ते हसू मला सहन झालं नाही.

“साहेब, पारख बरोबर होती,” मी म्हणालो. “पिस्तूल चांगलं आहे. माझं बरं नाही.” पुढचं मला बोलता आलं नाही. मी मैदानावरच खाली बसलो आणि रडलो. बायको गेल्यापासून मी रडलो नव्हतो. अक्का शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

साहेबांनी मला दवाखान्यात पाठवलं, मनाच्या डॉक्टरांकडे. औषधं चालली, बोलणं चाललं, बरेच दिवस गेले. मला कचेरीतलं काम मिळालं आणि मी पुन्हा पिस्तूल मागितलं नाही. अक्कांची मात्र जिंतूरला बदली झाली. कारण काहीही असो, शस्त्राबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि साहेबांचाही इलाज नव्हता. त्या शस्त्रागारात परत कधी आल्या नाहीत.

निघाल्या त्या दिवशी मी त्यांची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेलो होतो. गाडी लागेपर्यंत दोघं बाकावर बसलो. मी विचारलं, “मी तक्रार केली नसती तर किती दिवस नापास करत राहिला असता?”

“माझी नोकरी लय बाकी हाय अजून,” अक्का म्हणाल्या आणि गाडीची पाटी वाचायला लागल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का वारल्या. मी मुलीला घेऊन पेडगावला गेलो. ती आता माझ्याजवळच राहते, परभणीत शाळेत जाते. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, शेजारी अक्कांचा गणवेशातला फोटो ठेवला होता. वंदना झाली, लोक पांगले. मी तिथंच बसून राहिलो.

मुलगी माझ्या कानाशी लागली. “बाबा, या तुमच्या कोण होत्या? तुमी एवढं कामून रडायलात?”

काय सांगणार त्या वयाच्या पोरीला? मोठी झालीस की सांगेन, असं मी तिला कबूल केलं. म्हणजे तोवर मला जगावं लागणार.