ढाल एकदाच

दर रविवारी दुपारी केडगावला आम्ही तिघं खेळायला बसत होतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं, असा तो खेळ. गोष्ट सांगणारी शाळेत गणित शिकवते, घर तिचंच. दुसरा खेळाडू नागापूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता. पात्रांच्या जागी पटावर ठेवायला तो तिथले नट घेऊन आला होता. त्याचा नट जाड, लोखंडी. माझा बारीक, पितळी.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून खेळाडूंचे नियम मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. लढाईचं प्रकरण मी वहीच्या दीड पानात बसवलं. आपल्या पाळीत एक हालचाल आणि एक कृती. त्याखेरीज एक रिॲक्शन, म्हणजे शत्रूच्या पाळीत मध्येच करायची कृती. ती वापरली की संपली.

पात्र अनुभवी झालं की त्याला एक खास कसब निवडता येतं. टर्नरनं ढालीचं निवडलं. पटावर शेजारच्या घरात उभ्या असलेल्या साथीदारावर वार आला, तर रिॲक्शन खर्चून ढाल आडवी घालायची.

"दोन वारांचं घ्या की," शिक्षिका म्हणाली. "किती दिवस नुसता मार खाणार?"

"मॅडम, ह्यो जादूगार लई पुढं पळतो. ह्याला कोन सांभाळायचं?"

जादूगार मी होतो.

पळणाऱ्या शत्रूवर वार करायलाही तीच रिॲक्शन लागते. आम्ही तिघंही वहीवरूनच खेळायचो, आणि वहीप्रमाणे ती एका लढाईत एकदाच. शत्रूचा म्होरक्या टर्नरच्या समोरून निसटून जायचा, शिक्षिका विचारायची, "मारताय?" तो माझ्या नटाकडे बघून म्हणायचा, "न्हाई. ढाल राहू द्या."

मग त्याला शिर्डीच्या एका हॉटेलात मेंटेनन्सचं काम मिळालं. रविवारी तिथं गर्दी; त्याची सुट्टी बुधवारी. पुलावरची लढाई अर्धी राहिली. शिक्षिकेनं प्लायवूडचा पट नटांसकट कपाटावर ठेवून दिला.

यंदा एक नवा खेळाडू येणार म्हणून वही पुन्हा लिहायला घेतली. इंग्रजी पुस्तकात रिॲक्शनचा नियम पानाच्या तळाशी संपत नव्हता. पुढच्या पानावर आणखी एक ओळ होती: आपली पुढची पाळी सुरू झाली की ती परत मिळते. बातमी जागेत बसली नाही की आम्ही शेवटच्या ओळी कापतो. इथं जागेची अडचण नव्हती. मी पान उलटलं नव्हतं, इतकंच.

बुधवारी त्याला फोन केला.

"ढाल दर फेरीला होती. लढाईत एकदा नाही. माझी चूक."

"दर फेरीला?"

"हो."

तो हसला. "आरं लबाडा! त्यो म्होरक्या धा येळा माझ्या हातचा हुता की. तू जादूगार हाईस का त्याचा पाव्हना?"

"ये एकदा. पूल बाकी आहे."

"बुधवारी बसता का?"

बुधवारी तिची शाळा असते, माझी ड्युटी. मी तसं सांगितलं.

"बगू," तो म्हणाला. "माझा नट हाय का जाग्यावर?"

"आहे."

"मंग त्याच्या शेजारच्या घरातच थांब. पुढं पळू नको."

त्या रविवारी नव्या खेळाडूसाठी नवा पट मांडला. शिक्षिका चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी कपाटावरचा जुना पट खाली काढला. पितळी नट लोखंडी नटाच्या दोन घरं पुढे होता. पाळी शत्रूची होती. नियमाप्रमाणे मला हलता येत नव्हतं. मी नट उचलला आणि शेजारच्या घरात ठेवला.